आई आता कण्हत नाही

दार जरा लोटून घे. पूर्ण लावू नकोस, नाहीतर आई विचारेल, बहीणभाऊ दार लावून कसली खलबतं करताय म्हणून. दिवा असू दे तसाच.

मघाशी जेवताना तू म्हणालास, ताई, एवढं मोठं ऑपरेशन झालं पण आई किती छान दिसतेय. मी मान डोलावली आणि तुझ्या ताटात आणखी वाढलं. तुला आठवतं ना, ती पूर्वी कशी होती ते? उठताना आई गं, बसताना आई गं. सकाळी गुडघा, दुपारी डोकं, संध्याकाळी कंबर. बाबा म्हणायचे, या घरात आपण चार नाही, पाच जण राहतो, पाचवं हिचं दुखणं. आपण हसायचो, तीही हसायची, आणि हसताना बरगडीत चमक भरली म्हणून पुन्हा कण्हायची.

आता ती कण्हत नाही. दुपारी आल्यापासून एकदा तरी तिच्या तोंडून ‘आई गं’ ऐकलंस का? मला या शांततेत झोप लागत नाही. फोनवर तुला सांगितलं ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं आज सांगते. ऐकून झालं की तूच ठरव काय करायचं ते, कारण ती तुझीही आई आहे आणि मला एकटीला काही सुचेनासं झालंय.

आमचा दवाखाना तू पाहिला आहेस. जुन्या राहत्या घराचाच दवाखाना केलाय. पुढची खोली बसायची, तिथेच माझं काउंटर. तिथून एक अरुंद पॅसेज आत जातो. डावीकडे सिस्टरांची खोली, तिला लागून डॉक्टरीणबाईंची. उजवीकडे औषधांची खिडकी. आणि अगदी टोकाला एक लहानशी खोली, जिथे जुना वजनकाटा आणि मोडक्या खुर्च्या टाकलेल्या असायच्या. तिला एकच दार. खिडकी कधीकाळी होती, ती विटांनी बुजवून टाकलेली आहे.

आलेला माणूस आधी माझ्या तावडीत सापडतो. काय होतंय ते मी विचारते, कुणाला खरोखर थांबणं शक्य नाही आणि कोण उगाच घायकुतीला आलाय ते ओळखते. लोक चेष्टेने म्हणतात, डॉक्टरांना भेटणं सोपं आहे, काउंटरवरच्या बाईला ओलांडणं कठीण. मी ओलांडू दिलं की तो सिस्टरांकडे जातो. त्या रक्तदाब, साखर, ताप बघतात, जखमा बांधतात. मग डॉक्टरीणबाई तपासतात. शेवटी औषधवाले काका, जे गोळ्या देता देता डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुन्हा एकदा माणसाच्या भाषेत समजावतात. सकाळी रक्त घ्यायला एक जण येऊन जातो, आठवड्यातून एकदा व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई येतात. लोकांना कळावं म्हणून प्रत्येकाच्या कोटाचा रंग वेगळा. डॉक्टरांचा पांढरा, सिस्टरांचा निळा, काकांचा तपकिरी, रक्तवाल्याचा हिरवा.

आणि आमचा एक अलिखित नियम आहे. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही. मागे एकदा काकांनी सिस्टरांना पट्टी कशी बांधावी ते शिकवलं, तेव्हा दोघांत असा काही भडका उडाला की डॉक्टरीणबाईंना मध्ये पडावं लागलं. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला. आपलं काम करायचं आणि माणूस पुढे पाठवायचा. पुढे त्याचं काय झालं ते पुढचा बघेल.

या नियमातच ती बाई मावली.

ती नेमकी कधीपासून यायला लागली ते कुणालाच सांगता येत नाही. मी एकदा मान वर केली तर पॅसेजच्या टोकाला राखाडी कोटातली एक बाई पाठमोरी उभी होती, आणि एका म्हाताऱ्याला हाताला धरून त्या लहान खोलीत नेत होती. मला वाटलं, चला, सिस्टर कधीपासून मदतनीस मागत होत्या, ती मिळाली वाटतं. सिस्टरांना वाटलं, डॉक्टरीणबाईंनी कुणीतरी अनुभवी बाई आणली आहे, आपल्यावर लक्ष ठेवायला. म्हणून त्या तिच्या वाऱ्यालाही उभ्या राहिल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंना वाटलं, ही व्यायामवाल्या बाईंची जोडीदारीण असेल. काकांची तर खात्रीच होती की मी माझी कुणी ओळखीची चिकटवली आहे. कुणी कुणाला विचारलं नाही. आपल्या स्वयंपाकघरात अनोळखी बाई उभी दिसली असती तर आपण घर डोक्यावर घेतलं असतं. दवाखान्यात अंगावर कोट असला की पुरतं.

शिवाय खरं सांगू का, आम्हाला ती हवीच होती. तिच्या खोलीतून माणूस बाहेर आला की त्याचा चेहरा सैल झालेला असायचा. आत काय केलं म्हणून मी एकीला विचारलं, तर ती म्हणाली, काही नाही, नुसते हात धरून बसल्या. किती ऊबदार हात आहेत त्यांचे. आता दुखत नाही. कानाच्या ठणक्याने रडणारी लेकरं खेळत बाहेर यायची, कंबर धरून आलेले लोक ताठ चालत माझ्यासमोरून निघून जायचे. अहो, डॉक्टरांना न भेटता कुठे निघालात, असं मी म्हणायची. ते हसून म्हणायचे, आता कशाला, दुखतच नाही तर.

गर्दी कमी झाली. सिस्टरांना दुपारचा चहा गरम गरम मिळायला लागला. देवाने दिलं आणि कर्माने नेलं अशी गत नको म्हणून आम्ही सगळे मूग गिळून बसलो.

त्या दिवशी दुपारपासूनच धुकं उतरलं होतं. समोरचा रस्ता दिसत नव्हता आणि बसायच्या खोलीत दिवे लावूनही उजेड पुरत नव्हता. आई आली ती भिंतीला धरूनच. पोट दुखतंय म्हणाली. मी तिला नेहमीसारखं चिडवलं, की आज पोटाची पाळी का, गुडघा रजेवर गेला वाटतं. ती हसली नाही. उजव्या कुशीवर हात दाबून तशीच उभी राहिली, आणि कपाळावर घाम होता. मी काउंटर सोडून तिला सिस्टरांच्या दारापर्यंत पोचवलं. आत एका पोराच्या हनुवटीला टाके घालणं चाललं होतं. सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, बसवा त्यांना, आलेच. मी तिला बाकावर बसवलं आणि वाजणारा फोन घ्यायला परत आले.

फोन ठेवते तोच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या सहसा काउंटरवर येत नाहीत. हळू आवाजात त्यांनी विचारलं, कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांना काल कुणी तपासलं?

शिंपीकाका छातीत दुखतंय म्हणून आले होते हे मला आठवत होतं. मी त्यांना सगळ्यांच्या आधी आत पाठवलं होतं. थोड्या वेळाने ते शीळ घालत बाहेर आले आणि गेले, मला वाटलं तपासून झालं.

“माझ्याकडे आलेच नाहीत ते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आत्ता त्यांच्या सुनेचा फोन होता. काल घरी गेले, खुर्चीत बसले... मशीनवर हात ठेवून तसेच गेले. तिला म्हणाले होते, दवाखान्यात जाऊन आलो, आता दुखत नाही. तुमच्या त्या राखाडी कोटवाल्या बाईंनी त्यांना माझ्याकडे का नाही पाठवलं?”

“माझ्या?” मी म्हणाले. “त्या तुमच्या ना?”

काका खिडकीतून ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. नंतर काका खाली बघून पुटपुटले, “मला वाटलं, ताईंनी आणल्यात.”

मी वळून बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता.

पॅसेज एवढा लांब मला कधी वाटला नव्हता. टोकाच्या दाराखालून उजेड येत नव्हता, पण आतून आवाज येत होता. आई कण्हत होती. तोच सूर, जो ऐकत आपण मोठे झालो. आई गं... आई गं... ऐकून मला बरंच वाटलं बघ. म्हटलं, कण्हतेय म्हणजे ठीक आहे.

मी दार ढकललं. आत कोंदट वास होता, औषधाचा नव्हे, खूप दिवस तापाने पडलेल्या माणसाच्या अंथरुणाला येतो तसला. पॅसेजमधला उजेड आत पडला तेव्हा मला आई दिसली. ती स्टुलावर बसली होती आणि हसत होती. तिचे दोन्ही हात त्या बाईच्या हातात होते. बाईने मान खाली घातली होती, केसांनी तोंड झाकलं होतं. आणि कण्हत होती ती. आईच्या आवाजात कण्हत होती ती बाई.

तरी मी पुढे झाले आणि आईच्या दंडाला धरून ओढलं. बाईने हात लगेच सोडले. मान वर केली नाही. कण्हणं थांबवून ती साध्या आवाजात, सिस्टर बोलतात तशी, म्हणाली,

“त्यांचं झालंय... आता तुमचं सांगा. कुठे दुखतं?”

तुझ्यापासून काय लपवू. बाबा गेल्यापासून जे माझ्या आत दुखतं ते त्या क्षणी अगदी ओठावर आलं होतं. सांगावं आणि मोकळं व्हावं, असं वाटलं. आईच बोलली म्हणून वाचले. ती म्हणाली, अगं ओढतेस काय अशी, मला बरं वाटतंय आता. मी तिला बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

आई घरी जायला निघाली होती. तिला काही दुखत नव्हतं, तर उगाच डॉक्टरांचा वेळ कशाला, हे तिचं म्हणणं. मी तिच्यावर ओरडले, सगळ्यांच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा. डॉक्टरीणबाईंनी तिला आडवं केलं आणि पोटावर हात ठेवला. त्यांचा चेहरा बदलला. पोट फळीसारखं घट्ट झालं होतं. त्या दाबायच्या आणि विचारायच्या, दुखतं का? आई म्हणायची, छे. इथे? छे हो. आणि आढ्याकडे बघून हसायची.

पुढचं तुला ठाऊक आहे. गाडी बोलावली, मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आतडं आत फुटलेलं निघालं. तिथले सर्जन म्हणाले, थोडा वेळ गेला असता तर हाती लागल्या नसत्या. त्यांनी हेही सांगितलं की फुटल्यावर कधीकधी दुखणं थोडा वेळ थांबतं, मग पुन्हा जास्तच उसळतं. तिचं उसळलं नाही. ऑपरेशननंतर वेदनेची औषधं द्यायला सिस्टर यायच्या, तर ही त्यांना म्हणायची, शेजारच्या खाटेवरच्या बाईला द्या, ती बिचारी कळवळतेय.

इकडे मी गाडीत बसल्यावर डॉक्टरीणबाई, सिस्टर आणि काका तिघं मिळून त्या खोलीत गेले होते. आत कुणी नव्हतं. पॅसेजमधून बाहेर पडायचं तर काकांच्या खिडकीसमोरूनच जावं लागतं, आणि काका तोपर्यंत तिथून हललेले नव्हते. स्टूल तेवढं होतं, आणि सिस्टर शपथेवर सांगतात की ते अजून गरम होतं. मग सगळ्यांनी बसून ती बाई दिसायला कशी होती ते आठवायचा प्रयत्न केला. कोटाचा रंग सगळ्यांना आठवला, तिचा चेहरा कुणालाच नाही. डॉक्टरीणबाईंनी खोलीला कुलूप लावायला सांगितलं. दवाखान्याच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडे असतात, म्हणून तीही माझ्याकडे आली.

आता आमच्याकडे नवा नियम आहे. प्रत्येक माणसाला आपण स्वतः हाताला धरून पुढच्याच्या ताब्यात द्यायचं, आणि पुढच्याने तोंडाने सांगायचं, मिळाले. दिवसभर दवाखान्यात मिळाले, मिळाले चाललेलं असतं. लोकांना गंमत वाटते.

मला वाटलं होतं, संपलं. आई वाचली, आणखी काय हवं. ती घरी आली, दुसऱ्याच दिवसापासून कामाला लागली. मी नको म्हणत असताना पाणी भरलं, कपाटं आवरली. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात करपल्याचा वास आला म्हणून मी धावले, तर तिने तापलेलं पातेलं उघड्या हातांनी धरलं होतं आणि माझ्याशी शेजारणीच्या सुनेबद्दल बोलत होती. तळव्याला फोड आले. आज वाढताना तिने डावा हात पदराखाली ठेवला होता, बघितलंस ना? तुला काळजी नको म्हणून झाकते, असं ती म्हणाली. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नसांवर परिणाम होतो कधीकधी, तपासण्या करू. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे न बघता सांगितलं.

पहिल्यांदा ऐकलं ते काकांनी. संध्याकाळी सगळे गेल्यावर ते गोळ्या लावत होते, तर टोकाच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. शिंपीकाकांचा खोकला. आधी घसा खाकरायचे आणि मग लागोपाठ खोकायचे, ओळखू येणारच. काकांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं आणि रजेवर गेले ते अजून आलेले नाहीत. मी म्हटलं, वय झालंय, भास होत असतील. स्वतःला समजवायला माणूस काय वाटेल ते म्हणतो.

परवा संध्याकाळी मी एकटीच मागे राहिले होते. दिवे घालवत घालवत पॅसेजच्या टोकापर्यंत गेले. त्या दाराशी उभं राहायचं नाही असं मी ठरवलेलं होतं, तरी थांबले. आत बरेच जण होते. मोठ्याने नव्हे, सगळे दबून, जसे लोक दवाखान्यात इतरांना त्रास नको म्हणून दबून कण्हतात तसे. एक लहान मूल कान ठणकत असल्यासारखं मुसमुसत होतं. शिंपीकाका खाकरत होते. आणि अगदी दारापाशी, लाकडाला तोंड लावल्यासारखी...

आई होती रे. आपली आई. उठताना आई गं, बसताना आई गं.

मी बोलले नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. पण ती थांबली, मी आल्याचं तिला कळलं असावं. कळणारच. लहानपणी दाराबाहेर माझी पावलं वाजली की न बघता तिला कळायचं, मी आले की तू आलास ते.

“बाळा,” ती म्हणाली, “फार दुखतंय गं पोटात... किती वेळ बसवून ठेवलंस मला इथे.”

घरी आहेस असं मी सांगणार होते. तू घरी आहेस आई, तू बरी झालीस, असं. त्याआधीच ती आणखी हळू बोलली.

“आणि घरी कुणाला घेऊन गेलीस गं?”

मी तिथून कशी निघाले मला माहीत नाही. घरी आले तर आईने दार उघडलं, माझी पर्स घेतली, चहा ठेवला. किती दमलीस, म्हणाली. तिचे हात ऊबदार होते.

आता तू सांग. तू मोठा शिकलेला आहेस, मला वेड्यात काढ हवं तर. मी उद्या ती खोली उघडू का? उघडली आणि आत काही नसलं, तर मी आयुष्यभर सुखाने झोपेन. आणि असली, तर मी आईला तिथे दुखत ठेवून रोज समोरच्या काउंटरवर बसते आहे. हे मला सहन होत नाही रे. तिला बाहेर आणायलाच हवं. पण मग या घरात...

थांब. बोलू नकोस. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबलाय.

काही नाही गं आई, उगाच दिवा जाळत नाही आहोत, जरा गप्पा मारतोय. हो, झोपतोच आता. काय? नाही, त्याचं डोकं नाही दुखत. तो बरा आहे. तू नको येऊस आत, नको उगाच हात दाबत बसू त्याचा...

ऐकलंस ना, जाता जाता काय म्हणाली ती? मी तिला कुलपाचं अवाक्षरही सांगितलेलं नव्हतं. हॉस्पिटलातून ती थेट घरी आली, दवाखान्यात तिने पुन्हा पाऊल टाकलेलं नाही. तुझ्यासमोर म्हणाली, किती प्रेमाने म्हणाली,

“त्या खोलीची किल्ली उशाखाली घेऊन झोप हो. ह्याच्या हाती देऊ नकोस.”